भीतीला दहापैकी तीन

"चित्रं काढून भीती जात असती, तर माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत एक तरी शूर विद्यार्थी निघाला असता!"

रामचंद्र मास्तरांनी हे सुनावलं आणि तरीही ते मुलाबरोबर, श्रीवत्सबरोबर, निघाले. लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवलेली. श्रीवत्सला मात्र सरळ रेघ येत नव्हती! आणि बाळंतपणाचं नाव काढलं तरी त्याला घाम फुटायचा. सून वेदश्रीनं त्याला बजावलं होतं, "कळा येतील तेव्हा तुम्ही आत हवेत. बाहेर फेऱ्या मारायला मला नवरा नकोय!"

म्हणून देशपांडे नगरातल्या दवाखान्यातला हा होणाऱ्या बापांचा वर्ग. शिकवणाऱ्या अर्चना मॅडम म्हणाल्या, "मनातली भीती कागदावर काढा. चूक-बरोबर काही नाही." आणि फोन आला म्हणून बाहेर गेल्या.

चूक-बरोबर नाही? मास्तरांचा जीव कासावीस झाला. श्रीवत्सनं हातात कात्री घेतलेला डॉक्टर काढला होता.

"अरे, हात खांद्यातून निघतो, कानातून नाही! दहापैकी तीन."

"अप्पा, ती भीती आहे!"

"भीती असली म्हणून काय झालं? प्रमाण नको?"

शेजारचा दांडगा माणूस ताडकन उभा राहिला. कोप्पीकर रोडवरचा कापडवाला प्रभंजन.

"अय्यो सर, तुम्ही! मी सातवी ब! माझं बघा की!"

"खोड. पुन्हा काढ."

झालं! आठही बाप रांगेत उभे! पेन्सिली तासल्या, खोडरबराची ओढाओढ झाली. मॅडम परतल्या तेव्हा आठ कागदांवर दोन डोंगर, मधून सूर्य, बाजूला नारळ!

"अहो, भीती कुठं गेली?"

"सरांनी खोडायला लावली!" प्रभंजन अभिमानानं म्हणाला. "नीट येत नव्हती!"

मॅडमनी मास्तरांपुढं कोरा कागद ठेवला. मास्तरांनी ऐटीत पेन्सिल उचलली. बंद दार काढलं. दाराबाहेर रिकामा बाक.

"यात माणूस नाही, सर?"

"माणूस शाळेत होता, मॅडम. परीक्षा होती. हा श्रीवत्स झाला, ते मला शिपायानं सांगितलं." मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. "याच्या आईला, रुक्मिणीला, आत भीती वाटली का, विचारायचं राहिलं. आता ती नाही."

प्रभंजन कागदावर वाकला आणि हळूच म्हणाला, "सर, दार थोडं तिरकं आलंय."

मास्तरांना हसू फुटलं. डोळे पुसत हसले ते.

श्रीवत्स उठला. "अप्पा, मी आत जाणार. ठरलं."

आणि गेला की हो! पंधरा दिवसांनी सकाळी आत शिरला तो तीन तासांनी बाहेर आला, छाती दोन वीत पुढं. "अप्पा, हललो नाही! मुलगी झाली!"

मास्तर धन्य झाले. पेढे घेऊन सुनेला भेटायला गेले. "नवऱ्यानं सगळं धीरानं पाहिलं म्हणे?"

"पाहिलं कुठलं?" वेदश्री म्हणाली. "पहिल्या कळेपासून डोळे गच्च मिटलेले! मुलगी झाली हे मीच सांगितलं त्यांना!"