नारिंगी पिनेचा प्रश्न

संगणकाच्या पाठीवर आवाजासाठी एकच छिद्र होतं: हिरवं, साडेतीन मिलिमीटर व्यासाचं. नव्या स्पीकरच्या संचाला पिना होत्या तीन: हिरवी, काळी आणि नारिंगी. आकोथ मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे, त्यामुळे तिने खात्रीसाठी पुन्हा एकदा मोजलं. फरक पडला नाही. हिरवी पीन आत गेली. काळी आणि नारिंगी टेबलामागे लोंबकळत राहिल्या.

संच तिच्या भावाने मोंबासाहून पाठवला होता. सहा स्पीकर. तिन्ही पिना जातील असं वेगळं साउंड कार्ड अशा संचाला लागतं, हे पाठवण्याच्या उत्साहात तो विसरला. फोनवर म्हणाला, "अगं ताई, एवढंसं तर असतं. स्वस्तातलं कुठलंही घे."

तोवर नुकसान एवढंच होतं, की माणसं बोलत नव्हती. पडद्यावरच्या माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, आणि मधला स्पीकर नारिंगी पिनेवर होता. पाऊस पडे, दारं आपटत, कुत्री भुंकत, ताटं फुटत. माणसं फक्त तोंड हलवत. जुळ्या मुली, आपियो आणि आदोंगो, उरलेलं काम करत. "आई, हा म्हणतोय मासा खारट झालाय." "आणि ती म्हणतेय, मग तूच कर."

मुलींची सोय झाली, पण आकोथची होईना. नाक्यावरच्या दुकानातून तिने पेनड्राइव्हवर एक नायजेरियन मालिका भरून आणली होती. मुलींच्या सांगण्याप्रमाणे, तिच्यातला नवरा अकरा भाग सोफ्यावर बसून विचार करत होता, की वेगळं घर करावं की करू नये. बाराव्या भागात त्याची बायको स्वयंपाकघरातून आली, हातातली किटली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवला आणि एकच वाक्य बोलली. नवरा ताडकन उठला आणि बॅग भरायला लागला.

ते वाक्य काय होतं, हे आकोथला कळायलाच हवं होतं. तिच्या घरीही एक सोफा होता.

तिने दुकानदाराला विचारून पाहिलं. तो म्हणाला, "मी फक्त भरून देतो, मॅडम. बघत नाही."

सोफ्यावर तिचा नवरा ओग्वेनो बसत असे. तो सरकारी कचेरीत खरेदी अधिकारी होता. भावाचं "कुठलंही" ऐकून तो मनापासून दुखावला.

"कुठलंही म्हणजे काय? खरेदीला पद्धत असते. आधी तीन दरपत्रकं."

किसुमूहून तीन दरपत्रकं आली. पहिलं कार्ड आठशे शिलिंगांचं. खोक्यावर आठ स्पीकरांचं चित्र होतं आणि कार्डाला छिद्र एकच. दुसरं अडीच हजारांचं. डबीएवढं, बाहेरून लावायचं, तिन्ही छिद्रं जागच्या जागी. तिसरं चौदा हजारांचं. ते संगणकाच्या पोटात बसवायचं होतं, तिथे निळ्या दिव्यांनी चमकणार होतं आणि झाकण लावल्यावर कोणालाही दिसणार नव्हतं.

"मधलं," आकोथ म्हणाली.

"आपियोच्या आई, असं एकदम ठरवायचं नसतं. उद्या कोणी बोट दाखवलं तर?"

"कोण दाखवणार? घरात आपण पाच माणसं."

"तेच म्हणतोय. पाचही जणांना दहा-दहा बोटं आहेत."

म्हणून समिती नेमण्यात आली. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक म्वालिमू ओंडिटी अध्यक्ष झाले. त्यांच्याकडे संगणक नव्हता, त्यामुळे ते निःपक्षपाती ठरले. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, की आवाज चारी बाजूंनी आला तर माणसाने तोंड कुठे करून बसावं. प्रश्न मूलभूत असल्याने पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला. चहा झाला.

मग अभ्यासदौरा निघाला. नाकुरूला ओग्वेनोच्या बहिणीकडे असा संच चालू स्थितीत होता. समिती शुक्रवारी गेली आणि सोमवारी परतली. अहवालात निष्कर्ष होते दोन. एक, तेथील आवाज सर्व बाजूंनी येतो. दोन, तेथील भाजलेलं बोकड उत्कृष्ट आहे. समुद्राच्या हवेचा आवाजावर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी मोंबासाचा दौरा करावा, अशी शिफारसही होती.

आकोथने अहवाल वाचून चष्मा काढला. "ऑफिसात तुम्ही चारशे खुर्च्या चहा गार व्हायच्या आत घेता. मग इथे काय होतं तुम्हाला?"

"ते पैसे सरकारचे असतात," ओग्वेनो शांतपणे म्हणाला. "हे आपले आहेत."

तरीही मधलं कार्ड जवळपास ठरलंच होतं, तेवढ्यात चौदा हजारवाल्या दुकानाचे मालक ओमोल्लो यांनी आक्षेप घेतला. कार्डाला तीन छिद्रं असावीत ही अट, तीन छिद्रं असलेल्या कार्डाला फायदा व्हावा म्हणूनच घातली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. अपील सासूबाईंपुढे चाललं, कारण या घरात आपल्यावर कोणी नाही, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. ओमोल्लोंनी येताना सरोवरातला हातभर लांब मासा आणला. सासूबाईंनी खरेदीला स्थगिती दिली. मासा विचारार्थ ठेवून घेण्यात आला.

"आई, तुम्ही मासा घेतलात?" आकोथने विचारलं.

"घेतला नाही, सूनबाई. पुरावा आहे तो. कांदा चीर."

पुरावा संध्याकाळी मक्याच्या उगालीबरोबर तपासला गेला. स्थगिती उठवायची तर जनतेचं मत घ्यावं लागेल, असा निकाल लागला. फाटकावर नोटीस लागली आणि रविवारी प्रार्थनेनंतर अंगणात तंबू पडला. जनसहभाग सभेला सगळी वस्ती आली, कारण नोटिशीत तळलेल्या गोड मांदाझींचा उल्लेख होता. आकोथ किटली घेऊन रांगांमधून फिरत होती.

मतं भरपूर आली. कार्डाआधी फाटकासमोरचा रस्ता करावा, असं एकाने सुचवलं. एका बाईने विचारलं, की सहापैकी किती स्पीकर महिलांसाठी राखीव आहेत. पास्टर म्हणाले, की मागच्या दोन स्पीकरांची तोंडं चर्चकडे करता येतील का. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने कार्डाला कडाडून विरोध केला. कार्ड म्हणजे काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, "ते मला कळलं असतं, तर मी विरोध करायला आलो असतो का?"

प्रश्नाचं गांभीर्य कळावं म्हणून संगणक ओट्यावर आणून बाराव्या भागातला तो प्रसंग दाखवण्यात आला. बायको आली. किटली ठेवल्याचा आवाज झाला. तिने कमरेवर हात ठेवला, तोंड हललं. सोफा करकरला आणि नवरा उठला.

तंबूतली माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली.

"काय म्हणाली ती?" मागून कोणीतरी विचारलं.

"'घर पेटलंय' म्हणाली असेल."

"छे. घर पेटलं म्हणून माझा नाही उठला," पुढच्या रांगेतली बाई म्हणाली. तिचा नवरा शेजारीच मांदाझी खात होता. त्याने मान डोलावली.

ओग्वेनो अध्यक्षांशी कुजबुजला आणि घसा साफ करून बोलला, "मंडळी, मुद्दा महत्त्वाचा आहे. ती काय म्हणाली हे नक्की झालं, तर कदाचित कार्डाची गरजच उरणार नाही. म्हणून मी एक उपसमिती सुचवतो. तिने लागोसला जाऊन..."

टाळ्या पडल्या. उपसमितीत जायला अकरा हात वर झाले. त्यांत सासूबाईंचे दोन होते.

कार्ड कुठलं घ्यावं, याबद्दल एव्हाना तंबूतल्या प्रत्येकाचं मत झालं होतं. कुंपणाबाहेर सायकल थांबवून उभ्या राहिलेल्यांचं झालं होतं. ही हकीकत इथवर वाचत आलेल्या आणि आकोथच्या घराशी काडीचाही संबंध नसलेल्या सुजाण मंडळींचंही नक्कीच झालं असणार. सगळ्या मतांची नोंद घेण्यात येत होती.

आकोथने हातातली किटली खाली ठेवली.

तो आवाज सगळ्यांनी ओळखला. आत्ताच तर ऐकला होता. माना वळल्या. तिने कमरेवर हात ठेवला. आपियोने आदोंगोच्या तोंडावर हात दाबला, कारण या बाईचं वाक्य या बाईलाच बोलू द्यायचं होतं. अजून एक शब्दही उच्चारला गेला नव्हता, तरी ओग्वेनो खुर्चीतून अर्धा उठला होता.

"मधलं घ्यायचं, आणि ते मी आत्ता जाऊन आणतेय," आकोथ म्हणाली. "आता ज्याचं ज्याचं यावर अजून काही मत असेल, त्याने ते उचलावं आणि आपापल्या घरी चालू लागावं."