निफाडात उघडत नाही

नऊ मार्च. आज मिरच्यांचे देठ खुडायचे होते. माझ्याकडे कामाला येणारी मंगल आणि मी इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर चादर पसरून, तोंडाला ओढण्या बांधून बसलो. पहिली मूठ उचलतोय तोच जिन्यातून आवाज आला, "निफाड, निफाड, निफाड! चला, निफाड!"

"आले," मंगल ओढणीतून म्हणाली.

बोरस्ते काका आले. हातात तीन मोबाइल, पत्ते धरावेत तसे पंखा करून धरलेले.

काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. सगळी नोकरी एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेली. नोकरी संपली, आवाज राहिला. दूधवाल्याशी बोलले तरी वाटतं, आता फलाट क्रमांक सांगणार. त्यांच्या तिन्ही मोबाइलच्या पाठीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर जाड अक्षरात गावाचं नाव, एसटीच्या पाटीसारखं. 'नाशिक' हा मुलानं घेऊन दिलेला नवा. 'इगतपुरी' मध्यमवयीन. त्याचं नेट काका मुद्दाम सगळ्यात हळू ठेवतात, कारण घाटात पाऊस लागला की रेंज अशीच मरते म्हणे. आणि 'निफाड' म्हणजे जुनापुराणा, कोपऱ्यात तडा गेलेला. त्यातली अक्षरं इतकी मोठी करून ठेवलेली की एका वेळी चार-पाच शब्दच मावतात.

जगातली प्रत्येक वेबसाइट या तिन्ही मोबाइलवर नीट उघडली पाहिजे, हा काकांचा आग्रह. नाही उघडली तर ते मनात ठेवत नाहीत, मेलही पाठवत नाहीत. चपला घालतात आणि थेट त्या ऑफिसात जातात.

एकदा मी त्यांच्याबरोबर एका मंगल कार्यालयात गेले होते. मला हळदीच्या कार्यक्रमाची चौकशी करायची होती, काकांना भांडायचं होतं. मॅनेजरच्या टेबलावर त्यांनी तिन्ही मोबाइल ओळीनं मांडले.

"पान फलाटाला लागलं. बरोबर? आता हा तुमचा सुस्वागतमचा फोटो सगळ्या पडद्यावर बसलाय. तो घालवायची फुली कुठंय?"

मॅनेजरनं निफाड हातात घेतला, डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला, आडवा केला, परत उभा केला. फुली काही सापडेना.

"काका, लॅपटॉपवर बघा ना. एकदम भारी दिसतं."

"डेपोत गाडी धुऊनपुसून उभी केली, झाक दिसते. पण पॅसेंजर स्टँडात उभा आहे ना? त्याच्यापुढं दार आलं पाहिजे!"

हे सगळं नेहमीच्या आवाजात. मागे आहेर बांधत बसलेली मंडळी उठून बघायला आली. पुढच्या आठवड्यात तो फोटो गेला. मॅनेजर सुधारला की घाबरला, ते माहीत नाही.

आमच्या सोसायटीचीही सुटका झाली नाही. सेक्रेटरींनी मोठ्या हौसेनं पाण्याच्या वेळांचं पान बनवलं. ते मोबाइलवर इतकं बारीक दिसे की मोठं करायचं आणि मग बोटानं ओढत ओढत शेवटच्या रकान्यापर्यंत जायचं. मीटिंगमध्ये काका उभे राहिले. "पाणी कधी येणार हे वाचून होईस्तोवर पाणी जातं. निफाडात तर वारसुद्धा दिसत नाही."

"पण काका, आपण नाशकात राहतो," सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणून काय झालं?" काका म्हणाले आणि बसले. लोक हसले. मीही हसले होते.

माझी त्यांच्या निफाडशी गाठ पडली ती मसाल्यामुळे. मी काळा मसाला करते. माझा बहुतेक माल घेणारं दुकान दिवाळीनंतर बंद झालं. पावसाळ्याआधीचे हे दोन-तीन महिने गेले की वर्षभर कोणी मसाला विचारत नाही. मिरची भरून ठेवलेली, मंगलचं घर या कामावर चालतं. तेव्हा माझी भाची श्वेता म्हणाली, "मावशी, मी वेबसाइट करून देते." केलीही छान. डोंगरासारखा मिरच्यांचा ढीग, त्यावर माझं नाव. मी ती लॅपटॉपवर सगळ्यांना दाखवली. सगळे वाहवा करत होते आणि ऑर्डर कोणीच देत नव्हतं.

काकांनी विचारलं नाही, सांगितलं. "ताई, तुमचं पान निफाडात उघडत नाही."

"उघडतंय की, मिरच्या दिसतायत!"

"मिरच्या दिसतात. मागवायचं बटण दाखवा."

मी शोधलं. बटण पडद्याच्या उजव्या कडेबाहेर गेलं होतं. इगतपुरीत बटण होतं, पण त्याच्या बरोबर डोक्यावर चॅटिंगचा तो हिरवा गोल येऊन बसला होता. दाबलं की भलतंच उघडायचं. आणि मिरच्यांचा तो डोंगर उतरेपर्यंत माणूस कंटाळून निघून जाणार, हे तर मलाही दिसलं.

श्वेताला फोन केला, स्पीकरवर टाकला. ती वैतागली. "मावशी, त्यांनी अक्षरं केवढी केलीयत! अशी अक्षरं ठेवून मोबाइल वापरतं कोण?"

"वापरतात," काका म्हणाले. एवढंच. एरवी या माणसाला एका शब्दात थांबताना मी पाहिलेलं नाही.

मग काका रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊ लागले. श्वेता तिकडून दुरुस्त करायची, काका इकडून पुकारायचे. "नाशिक सुटली! इगतपुरी अजून घाटातच आहे! निफाड... निफाड लागली, पण दार उलट्या बाजूला!" श्वेता आधी चिडायची, मग हसायला लागली, मग स्वतःच विचारायला लागली, "काका, निफाडला काय परिस्थिती?" शेवटी फोटो लहान झाला, हिरवा गोल हलला आणि बटण अक्षरांच्या खाली, मधोमध, कुणालाही दिसेल असं येऊन बसलं. काकांनी चहासुद्धा अर्धाच घेतला आणि गेले.

त्यानंतर ऑर्डरी यायला लागल्या. धो धो नाही, पण रोज. मंगलची बहीणही कामाला आली. ते बटण जिथल्या तिथं बसलं नसतं, तर आज गच्चीवर मिरच्या असत्या आणि त्यांना गिऱ्हाईक नसतं. हे मी काकांना तोंडावर सांगितलं नव्हतं. आमच्याकडे कामाच्या गर्दीत असलं बोलणं राहून जातं.

तर आज काका गच्चीवर आले, चादरीच्या कडेला बसले आणि न सांगता देठ खुडायला लागले. मंगलनं माझा मोबाइल पुढे केला.

"ताई, ही निफाडवाली बाई काय फोन उचलत नाय. काल बी लावला, आता बी लावला. काढून टाका."

माझा नियम आहे. ऑर्डर आली की मी फोन करते. माणूस बोलला तरच मसाला कांडायला घ्यायचा. बटण जागेवर आल्यावर सुरुवातीला कोणीतरी गंमत म्हणून ऑर्डरी टाकल्या आणि पार्सलं परत आली, तेव्हापासून हे. ही ऑर्डर कुणा इंदुबाई गाजरे यांची होती. अर्धा किलो. खाली लिहिलेलं, 'तिखट कमी. दगडफूल जास्त.'

"तुमच्या निफाडची ऑर्डर खोटी निघाली, काका," मी म्हटलं आणि ती रद्द करायला अंगठा पुढे नेला.

"थांबा," काका म्हणाले. इतक्या हळू की मंगलनंही मान वर केली. "ती फोन उचलणार नाही. तिला ऐकू येत नाही."

"कोण ही?"

"माझी आक्का. थोरली बहीण."

हातातली मिरची त्यांनी खाली ठेवली. "पाच-सहा वर्षं झाली. आधी एक कान, मग दुसरा. मशिनही चालत नाही. पूर्वी रविवारी आमचा फोन असायचा, स्वयंपाक थांबायचा तिचा. आता सगळं या पडद्यावर. नजरही अधू झालीय, म्हणून अक्षरं मोठी. माझ्याकडचा निफाड तो तिच्या मोबाइलचा जोडीदार. एकदमच घेतले होते दोन. नवा देतो म्हटलं तर म्हणते, आता मला नवं शिकवू नकोस."

"अहो, मग मला सांगायचं ना! मी मसाला तसाच पाठवला असता."

"म्हणून तर नाही सांगितलं. तसाच नको होता. तिला मागवायचा होता."

खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं पीं पीं चाललं होतं.

"ती बाजाराला नाशकात यायची ना," काका म्हणाले, "तेव्हा स्टँडवर बाकावर बसून राहायची. मी निफाडची गाडी पुकारली की उठायची नाही. ती सोडायची आणि पुढच्या गाडीनं जायची. मी ओरडायचो, आक्का, गाडी गेली! तर म्हणायची, तू परत पुकारशील ना."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा देठ खुडायला घेतले. नाक लाल झालं होतं. मिरच्यांच्या शेजारी बसल्यावर ते कुणाचंही होतं.

संध्याकाळी मी आक्कांचा मसाला वेगळा कांडला. दगडफूल जास्त घातलं. फोनऐवजी लिहून कळवलं, 'ऑर्डर मिळाली. उद्या निघेल.' लगेच उत्तर आलं, 'तिखट कमी ना?' गिऱ्हाईक पक्कं होतं.

काका म्हणाले, "मी एसटीनं नेऊन देतो." मी नाही म्हटलं. मागवलेला माल मागवल्यासारखाच गेला पाहिजे.

दहा मार्च. सकाळी आक्कांचं पार्सल बाकीच्या पार्सलांबरोबर कुरियरला दिलं. तिथंच स्कूटरवर बसून माझ्या मोबाइलची अक्षरं सगळ्यात मोठी केली आणि माझंच पान पहिल्यापासून उघडत गेले. 'फोनवर खात्री झाल्याशिवाय ऑर्डर धरली जाणार नाही' ही ओळ काढायची होतीच. मागवायचं बटण दाबलं. शेवटचं पान आलं आणि त्यावरचा 'धन्यवाद' अर्धाच दिसत होता, उरलेला कडेबाहेर.

फोन लावून श्वेताला झोपेतून उठवलं आणि म्हटलं, "निफाडात उघडत नाही."