गोपनीय पाणीबंदी

पाणीखात्यातला माहिती अधिकारी संध्याकाळी घरी आला, तर बायको दारातच उभी.

"अहो, उद्या नळाला पाणी येणार ना? वन्सं येतायत, पोरांना घेऊन."

उद्या पाणीबंदी होती. पण लोकांना आधी कळलं की जो तो पाणी साठवतो आणि टाकी आदल्या दिवशीच रिकामी होते, म्हणून पाणीबंदीची तारीख गोपनीय ठरवणारं नवं कलम आलं होतं. त्या कलमावर बोट ठेवून त्याने आज दिवसभर माणसं परत पाठवली होती. बायकोपुरती सवलत कलमात कुठे नव्हती.

"ते मला सांगता येणार नाही."

"तुमचीच बहीण आहे, माझी नाही!" असं म्हणत ती पिशवी उचलून तरातरा बाजारात निघून गेली.

संधी साधून त्याने भराभर पाणी भरायला घेतलं. बादल्या, पातेली, कुकर, फुलदाणी, शेकायची रबरी पिशवीसुद्धा. मग खालच्या अडगळीतलं पिंप आठवलं. ते जिन्याने वर चढवताना शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आडवे आले.

"पिंप कशाला हो?"

"झाडांना."

"तुमच्याकडे झाडं कुठायत?"

"लावणार आहे."

पाकीट न फोडता आतला मजकूर ओळखण्यात पोस्टमास्तरांचा जन्म गेला होता. ते तडक घरात शिरले आणि आतून भांड्यांचा खणखणाट सुरू झाला. तो भिंतीपलीकडच्यांनी ऐकला, त्यांचा समोरच्या इमारतीने, तिचा गल्लीने. कुणी कुणाला चकार शब्द विचारला नाही. दिवे लागायच्या आत भागाची टाकी ठणठणीत कोरडी, आणि अधिकाऱ्याच्या पिंपात जेमतेम तांब्याभर पाणी.

सकाळी नळाने नुसते सुस्कारे टाकले. ऑफिसात पाऊल टाकताच मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं.

"माहिती फोडल्याची तक्रार आहे तुमच्यावर."

"साहेब, मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही हो! तक्रार केली कुणी?"

"ते सांगता येत नाही. कलम तुम्हाला पाठच आहे."

"पण साहेब, तसंही आज पाणी बंदच असणार होतं ना? मग लोकांचं बिघडलं काय?"

साहेबांनी चष्मा काढून सावकाश पुसला. "पाणीबंदी परवाच रद्द झाली."

"मला कळवलं नाही कुणी!"

"कसं कळवणार? गोपनीय होतं."

घरी आला तेव्हा वन्सं कोरडा नळ बघून पोरांसकट माघारी गेल्या होत्या. बायको चहाचंही विचारीना. अधिकाऱ्याला राहवलं नाही. खुर्ची ओढून तो तिच्यासमोर बसला आणि कलम, पिंप, पोस्टमास्तर, रद्द झालेली पाणीबंदी, सगळं सगळं पहिल्यापासून सांगून टाकलं. नोकरीत त्याने कुणालाही दिलेली ही पहिलीच संपूर्ण माहिती.

बायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नसेल सांगायचं तर नका सांगू," ती उठत म्हणाली. "पण असल्या थापा तरी मारू नका."