इनासकाकांचे भुंगे

गिरीज गावात नव्या बिल्डिंगीत राहायला आलो त्याच आठवड्यात मी एका मुक्या जिवाचे प्राण वाचवले आणि शेजाऱ्याशी वैर घेतलं. गॅलरीतल्या बल्बखाली एक काळाभोर, शिंगवाला भुंगा उताणा पडून पाय झाडत होता. मी त्याला वर्तमानपत्रावर घेतलं, तीन जिने उतरलो आणि कुंपणावरून शेजारच्या नारळांच्या वाडीत अलगद सोडलं. पुण्य केल्याच्या आनंदात वळतो तर वाडीचे मालक इनासकाका कमरेवर हात ठेवून उभे.

“पाहुणा सोडलात? जेवायला काय वाढू त्याला? माडाचा कोंब चालेल?”

हा भुंगा माडाच्या शेंड्यात शिरून आतला कोंब खातो, हे मला दादरच्या चाळीत कोणी सांगितलं नव्हतं. काका साठी ओलांडलेले. तरी माडावर चढून, टोकाला आकडा केलेली तार भोकात घालून भुंगा बाहेर ओढत. वर भोकात वाळू-मीठ भरत. माडावर चढताना त्यांचे गुडघे दुखत नसत, आमचे जिने चढताना मात्र फार दुखत.

कारण त्या दिवसापासून दिवेलागणीला ते आमच्याकडे हजर. उजेडाला भुंगे येतात, म्हणून आमच्या बल्बवर त्यांचा पहारा! हातात लोणच्याची रिकामी बाटली. भुंगा येईपर्यंत चहा आणि ज्ञानदान.

“साहेब, भुंगे बऱ्याच जातींचे. हा माडात शिरतो, त्याला तार. दुसरा जमिनीत शिरतो, तो बिल्डरचा एजंट. त्याच्यावर मी कुत्रा सोडतो.”

“आणि डोक्यात शिरतो तो?” बायकोने विचारलं.

“त्यावर औषध नाय निघालं, बाय. चहात साखर घाल अजून.”

काकूंना जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा मस्कतला, मुलगी सासरी. काका त्याबद्दल बोलत नसत. भुंग्यांबद्दल मात्र कप रिकामा होऊन तासभर झाला तरी बोलत.

मला त्यांच्या गुडघ्यांची दया आली. एका रविवारी मी गॅलरीला बारीक जाळी ठोकली, बल्ब काढून टाकला आणि अभिमानाने म्हणालो, “काका, आता एक भुंगा फिरकणार नाही. तुमचे जिने वाचले.”

“बरं झालं,” काका म्हणाले. चहा अर्धा टाकून उठले.

मग आठवडाभर आलेच नाहीत. संध्याकाळी वरून पाहावं, तर ओट्यावर एकटेच बसलेले, शेजारी कुत्रा.

नंतर एकदा अचानक दारात उभे. “तुमच्याकडे एक शिरलेला दिसला. खालून.”

तिसरा मजला, अंधार, त्यात जाळी! पण काकांनी पडद्यामागे हात घातला आणि खरोखर भुंगा काढला. पाय आखडलेला, शिंग मोडलेला. बाटलीत टाकला आणि चहाला बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक मिळाला, कपाटामागे. मग रोजच मिळू लागला.

एका संध्याकाळी काका जिना उतरल्याची खात्री करून मी दार लावलं आणि बायकोला मोठा शोध लावल्यासारखं सांगितलं, “अगं, रोज एकच भुंगा आहे तो! मेलेला! स्वतःच खिशातून आणतात!”

ती कप विसळत होती. मान वर न करता म्हणाली, “तुम्हाला आज कळलं? मंगळवारी बाटली इथंच विसरून गेले होते. मीच गुपचूप त्यांच्या ओट्यावर ठेवून आले. नाहीतर बुधवारी काय पकडलं असतं त्यांनी?”