शकुंतलाबाईंचा आवाज बंद करण्याचं काम

"पाच मिनिटांचं काम आहे, डॉक्टर. तुम्ही पेन काढून ठेवा," असं म्हणून सुबोध उठला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

भवानी पेठेतल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. त्याची सहा महिन्यांची उमेदवारी त्या दिवशी संपत होती. डॉक्टर सोमशेखर एक वाजता त्याला कायम करण्याच्या कागदावर सही करणार होते. त्याआधी फक्त नंबर पुकारणारी जुनी यंत्रणा बंद करायची होती. नवी त्याच सकाळी सुरू झाली होती.

आधीच्या मोठ्या डॉक्टरांच्या काळात इथे नंबर नव्हतेच. व्हरांड्यातून कुणीतरी "होटगीच्या चंद्रव्वा, या आत" म्हणायचं, आणि चंद्रव्वांबरोबर त्यांच्या दोन्ही सुनाही आत जायच्या. मग टोकन आलं, आणि काउंटरवरच्या शकुंतलाबाईंचा आवाज मराठीत नि कानडीत भरून घेतला गेला. नव्या यंत्रणेत कुणा परक्या बाईचा, सर्दी झाल्यासारखा आवाज होता. शकुंतलाबाई सकाळपासून कुणाशी धड बोलत नव्हत्या.

जुनी यंत्रणा म्हणजे उचलून नेण्याजोगा खोका नव्हता. जिन्याखालच्या थंड खोलीत दोन मोठे सर्व्हर होते, आणि एकेकाच्या पोटात एकदोन आभासी मशीनं नांदत होती. हात लावता येत नाही, पण राबतात मात्र खऱ्यासारखी. सुबोधनं पडद्यावर जुन्या टोकनच्या मशीनला 'बंद' केलं. ते बंद झालं. तो शीळ घालत बाहेर आला.

दोन मिनिटांनी हॉलमध्ये आवाज घुमला. "टोकन क्रमांक एक, खोली नंबर दोन."

शकुंतलाबाईंचा आवाज. आणि पहिल्यापासून मोजणी.

सुबोधनं आत जाऊन पुन्हा बंद केलं. पुन्हा दोन मिनिटं शांतता, पुन्हा टोकन क्रमांक एक. नंबर एकदा होऊन गेलेले, डोळ्यांत थेंब घालून बसलेले लोक चाचपडत उठायला लागले. खोली नंबर दोन गेल्याच आठवड्यात डॉक्टरांची चहाची खोली झाली होती.

सुबोध काउंटरपाशी गेला. "शकुंतलाबाई, तुम्ही काही दाबता आहात का?"

"मी? त्या खोलीची किल्ली कधी दिलीस मला?"

"पण आवाज तुमचा येतोय."

"आवाज माझाच आहे. गळा इथे आहे, बघ हवं तर."

तेवढ्यात डॉक्टर चहाला म्हणून दोन नंबरच्या खोलीत शिरले. खुर्च्यांवर चार माणसं डोळे मिटून बसली होती. त्यांच्या खुर्चीत अक्कलकोटकडचे चनमल्लप्पा होते.

"बसा की," चनमल्लप्पा सरकून घेत म्हणाले. "तुमी बी थेंब घातलाव का? मला तर समदं धुकट दिसायलंय. डॉक्टर कुटं गेलाय कुणास ठाऊक. लई वेळ झाला."

डॉक्टर चहा न पिताच बाहेर आले. "सुबोध, एक वाजायला पाऊण तास आहे," एवढंच म्हणाले.

मग सुबोधचा धीर सुटला. धावत जाऊन त्यानं पहिल्या सर्व्हरची वायरच उपटली. त्याबरोबर चष्म्याचा काउंटर ठप्प झाला, कारण त्याचं मशीन त्याच सर्व्हरच्या पोटात होतं. आणि जुनं टोकन? ते दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन ताजंतवानं उठलं. "टोकन क्रमांक एक," शकुंतलाबाई म्हणाल्या, आणि लगेच कानडीतही म्हणाल्या.

सुबोधनं वायर परत खोचली आणि जिन्याच्या पायरीवर बसला. सहा महिने गेले, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. शकुंतलाबाईंना राहवलं नाही. त्या पाण्याचा ग्लास घेऊन आल्या.

"अरे, तू नवा आला होतास तेव्हा आम्हाला सगळ्यांना उभं करून काय सांगितलं होतंस? नंबर थांबले की दवाखाना थांबतो, म्हणून हे मशीन मी पहाऱ्यात ठेवलंय. पडलं की दुसरा सर्व्हर त्याला उठवणार."

सुबोध ग्लास तसाच धरून राहिला. तो मशीनला बंद करत होता आणि पहारेकरी समजत होता, बिचारं पडलं. आधी पहाऱ्याच्या यादीतून नाव काढायचं, मग बंद करायचं. त्यानं तसं केलं. मशीन मुकाट्यानं बंद झालं. दोन मिनिटं गेली, पाच गेली, दहा गेली. हॉलमध्ये फक्त ती सर्दीवाली बोलत होती.

एकला पाच कमी असताना डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "झालं काय होतं?"

सुबोधनं तोंड उघडायच्या आत शकुंतलाबाईच बोलल्या. "फार चोख राखलं होतं हो त्यानं ते मशीन. म्हणून जात नव्हतं."

"असं?" डॉक्टर खूश झाले. पेन कागदाला टेकलं. "म्हणजे नवंही तसंच पहाऱ्यात ठेवलंय ना?"

सुबोधच्या डोळ्यांसमोर ती यादी आली. यादीत एकच नाव होतं, आणि ते त्यानं नुकतंच काढलं होतं.

"नाही, डॉक्टर," तो म्हणाला.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "मग आधी ते करून या."

सुबोध खाली मान घालून जिन्याकडे निघाला. मागून शकुंतलाबाई हळूच म्हणाल्या, "जपून कर रे बाबा. नाहीतर तुझ्याआधी ती सर्दीवालीच कायम व्हायची."