जोडात बघू

माझी नणंद सासरी जाताना दोनदा रडली. एकदा स्वतःच्या मनाने आणि एकदा कडुबाभाऊजींसाठी.

पहिल्या रडण्याच्या वेळी भाऊजींच्या कॅमेऱ्यापुढे एक फेटेवाला पाहुणा आडवा आला. मग भाऊजींनी जीपमध्ये बसलेल्या नवरीला खाली उतरवलं, ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, "मावशी, परत गळ्यात पडा. पण डाव्या बाजूनं. उजवीकडून तुमचं नाकच दिसून राह्यलं." सासूबाई मुकाट्याने डावीकडून गळ्यात पडल्या. नणंदेला आता रडू कुठलं, ती हसायलाच लागली. भाऊजींनी तिला सांगितलं की हसा, काही हरकत नाही, फक्त तोंड पदरात घाला, मागून हसणं आणि रडणं सारखंच दिसतं. ती कॅसेट आजही लावली की बायका डोळे पुसतात. नणंद त्यात खदखदून हसते आहे हे आम्हा घरच्यांनाच ठाऊक.

भोकरदनला आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत. नात्याने ते आमचे कुणी नव्हेत, पण मला वैनी म्हणायचे, म्हणून मी भाऊजी म्हणायची. तरुणपणी ते तंबूच्या सिनेमाबरोबर जत्राजत्रांतून फिरले. मशीन चालवायचं काम. फिल्म मध्येच तुटायची, अंधारात शिट्ट्या वाजायच्या, आणि भाऊजी ब्लेडने दोन्ही टोकं कापून, चिकटवून परत चालू करायचे. तुटलेला तुकडा गेला तो गेला. नायिका विहिरीवर पाणी भरता भरता एकदम पलंगावर बसलेली दिसायची आणि कुणाला काही वाटायचं नाही. त्यांचं म्हणणं, तिथेच त्यांना सिनेमाची खरी किल्ली सापडली. सिनेमा कॅमेऱ्यात होत नाही, जोडात होतो.

पुढे गावोगाव व्हिडिओ आले, तंबू उठला, आणि भाऊजींनी जालन्याहून कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा आणला. लग्नांची शूटिंग सुरू झाली. घरात दोन व्हीसीआर शेजारी शेजारी मांडले. एकावर कच्ची कॅसेट लावायची, तिच्यातलं चांगलं तेवढं दुसऱ्यावर उतरवायचं. हाच जोड. मध्ये लाइट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. लाइट तर आमच्याकडे रोजच जायची.

या जोडावर त्यांचा इतका भरवसा की बोलण्यातही तोच. लग्नात जिलबी कमी पडली, नवरदेव घोड्यावरून घसरला, मामा रुसून एसटीने निघून गेला, काहीही झालं तरी ते म्हणायचे, "जोडात बघू." माझ्या हातून एकदा वरण खारट झालं. आमचे हे जेवताना काही बोलले नाहीत. भिंतीपलीकडून आवाज आला, "वैनी, जोडात बघू." मी खारट झालं हे बोललेही नव्हते. यांनी नुसतं दोनदा पाणी मागितलं होतं.

त्यांचं दुसरं वाक्य कॅमेरा खांद्यावर घेतला की यायचं. "इकडं बघू नका. मी इथं न्हाईच असं समजा." आता खांद्यावर ट्रंकेएवढा कॅमेरा, त्याची एक वायर काखेतल्या पिशवीत, दुसरी वायर सगळ्या मांडवभर लोळणारी, मागे काठीवर जळजळीत लाइट, आणि हा माणूस म्हणतो मी इथं नाहीच. उंटाने देवळात शिरून तसं म्हणावं. पण लोक ऐकायचे. मान वळवून, लाकडासारखे ताठ होऊन, भाऊजी तिथं नाहीत असं समजायचे.

तो लाइट धरायची त्यांची बायको गयाबाई. आधी त्यांनी तरुण पोरं ठेवून पाहिली. पण भाऊजींनी नवरदेवावर कॅमेरा धरला की लाइट करवल्यांकडे वळलेला असायचा. एका लग्नात तर नवरदेव अंधारात आणि कोपऱ्यातली मामेबहीण दिवाळीसारखी उजळलेली. तेव्हापासून गयाबाई.

गयाबाई अंगाने लहानखुरी, पण मनगट असं की तास तास काठी हलायची नाही. भाऊजींचा नियम कडक होता. लाइट धरणाऱ्याची सावली चित्रात पडली की शॉट मेला. पहिली काही वर्षं पडायची. भाऊजी भर मांडवात ओरडायचे आणि घरी येऊन जोडात तेवढा भाग काढून टाकायचे. मग ती शिकली. पाटावरच्या नवरीपासून पंगतीतल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांवर उजेड टाकत ती उलट्या पावलांनी चालायची, पोरांना न तुडवता, वायरीत न अडकता, आणि सावली कुठेच नाही. मला म्हणायची, "आक्का, माझं लगन ह्यांच्याशी न्हाई, ह्या वायरीशी लागलं."

दुपारी मी ओट्यावर ज्वारी निवडत बसले की भाऊजी भिंतीला टेकून सिनेमाची माहिती सांगायचे. मी विचारलेली नसायची. मी कुणालाच फारसं काही विचारत नाही, माझा स्वभावच तसा. पण ऐकायला बरं वाटायचं. एकदा म्हणाले, "पहिले सिनेमा मुका होता, वैनी. बोलणं बिलकुल न्हाई. मंग पडद्याशेजारी एक माणूस उभा राह्याचा. तो सांगायचा, आता हा राजा आला, आता राणी रडून राह्यली. आन लोकं बराबर रडायचे." मी म्हटलं, त्या माणसाला लाज नसेल का वाटत, इतक्या लोकांत बोलायची? ते म्हणाले, अंधार असायचा ना.

टीव्हीवर रविवारी सिनेमा लागला की आमच्या घरी सगळी गल्ली जमायची आणि भाऊजी आमचा सिनेमा नासवायचे. आई आजारी मुलाकडे बघून रडते आहे, आमचेही डोळे भरलेत, आणि ते म्हणायचे, "तो पोरगा तिथं न्हाईच. ती आज रडली, पोराचं पुढच्या महिन्यात घेतलं. जोडलंय." सासूबाई पदर डोळ्यावरून काढून त्यांच्याकडे अशा बघायच्या की बस.

याच्यातलंच एक त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. एक चेहरा घ्यायचा, नुसता बघणारा. त्याला भाकरीचं ताट जोडलं की लोक म्हणतात माणूस भुकेला आहे. तोच चेहरा तिरडीला जोडला की म्हणतात बिचारा दुःखात आहे. चेहरा तोच. मला ते खरं वाटलं नाही. मग जाफराबादच्या लग्नाने खरं करून दाखवलं.

त्या कॅसेटमध्ये भाऊजींनी नवरीकडच्यांनी मांडलेलं रुखवत दाखवलं. त्याला जोडून दुसरं काहीतरी हवं म्हणून नवरदेवाच्या आईचा चेहरा टाकला. बाई नाक मुरडून बघते आहे. झालं. नवरीकडच्यांनी कॅसेट लावली आणि त्यांचं डोकं फिरलं. आमच्या रुखवताला नाक मुरडतात? दिवाळीला पोरगी माहेरी आणली ती परत पाठवायलाच तयार नाहीत. भाऊजी दोन्ही घरच्या लोकांना समोर बसवून जोड म्हणजे काय ते समजावत राहिले. भाकरीचं ताट सांगितलं, तिरडी सांगितली. तिरडीचं नाव काढल्यावर तर भांडण वाढलंच. शेवटी मागे बसलेली गयाबाई म्हणाली, "विहीणबाई भट्टीच्या धुराकडं बघत व्हत्या. बुंदी तळून राह्यले होते तिकडं. लाइट माझ्या हातात व्हता, मी बघितलं." तेवढ्याने मिटलं.  घरी आल्यावर भाऊजी तिला म्हणाले, अशा वेळी मला आधी सांगत जा. ती म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना, शूटिंगमधी बोलू नको."

आमच्या मंगलचं, माझ्या लेकीचं, लग्न वैशाखात झालं. कच्ची कॅसेट भाऊजींनी जोडायला नेली, तेवढ्यात गयाबाईला कावीळ झाली. आधी गावातलं औषध, मग जालन्याचा दवाखाना. तिकडे जाताना भाऊजी कॅसेट आमच्याकडे ठेवून गेले. "परत आल्यावर जोडून देतो. तोवर बघू नका, कच्ची हाय."

आषाढात गयाबाई गेली.

त्यानंतर भाऊजींनी कॅमेरा धोतराच्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. कॅसेट आमच्या पेटीत गोधड्यांखाली राहिली. मंगल दर दिवाळीला विचारायची, आणि मी तिला डोळ्याने गप्प करायची.

गयाबाईचा एकच फोटो होता, कुठल्याशा कागदावर लावायला काढलेला. तो मोठा करून भिंतीवर लावला. डोळे वटारलेले, ओठ घट्ट मिटलेले. भाऊजी फोटोकडे पाठ करून जेवायचे. मी एकदा भाजी द्यायला गेले तर म्हणाले, "वैनी, ही गया न्हाई. ही हलून न्हाई राह्यली. गया एका जागी कधी बसली होती का?"

आणि मग ते गावात घरोघर जाऊन जुन्या लग्नांच्या कॅसेटी मागायला लागले. लोकांनी थट्टा केली. कुणी म्हणालं, इतक्या वर्षांनी आमचं लग्न दुरुस्त करता का काय. भाऊजी पिशवीत कॅसेट घालून आणायचे, दुपारी लाइट असली की बघायचे, संध्याकाळी परत नेऊन द्यायचे. ते काय शोधतात हे भिंतीच्या अलीकडे मला कळत होतं. व्हीसीआर पुढे पळवायचा, थांबवायचा, मागे घ्यायचा आवाज यायचा. किती तरी लग्नं त्यांनी अशी चाळली. सनईचं तेच ते गाणं ऐकून सासूबाई वैतागल्या.

एक दिवस ते भिंतीशी आले. म्हणाले, एका लग्नात बांगड्यांचा हात सापडला होता, पण नीट बघितला तर दुसऱ्याच बाईचा. मी म्हटलं, कुठेतरी असेलच की हो, इतकी वर्षं ती तुमच्या मागेच होती.

"मागंच होती ना. सावलीसुद्धा न्हाई, वैनी. कुठं कुठं न्हाई. लई चांगलं शिकवलं मी तिला." मग म्हणाले, "पहिल्या पहिल्या लग्नांत पडली असंल. ते मीच काढून टाकलं. आन कच्च्या कॅसेटी पुसून त्याच्यावर दुसऱ्यांची लग्नं घेतली."

मी विचारलं, "आमच्या मंगलची बघितली का?"

ते भिंतीचा पोपडा काढत राहिले. "त्याच्यात मी लई वरडलो हाय तिच्यावर. तेवढं मला आठवतं. शेवटचंच लगन ते."

मलाही त्या लग्नातलं एक आठवत होतं. ते कॅमेऱ्यात आलंय की नाही हे ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेटी उघडून कॅसेट काढली आणि यांना म्हटलं, चला. मी होऊन कुठे चला म्हणाले याचंच यांना नवल वाटलं. भाऊजींकडे सतरंजीवर बसलो. कॅसेट लागली, हळद झाली, अक्षता झाल्या, आणि हे भिंतीला टेकून घोरायला लागले.

शेवटी मंगलला वाटे लावायची वेळ आली. पडद्यावर बायका गोळा झालेल्या, मी कुठेच नाही. मी मांडवाच्या खांबामागे लपले होते. रडून रडून माझा पदर खांद्यावरून खाली आलेला, आणि सगळ्यांपुढे तशी जायची मला लाज वाटत होती. भाऊजींनी मला शोधून कॅमेरा माझ्यावर धरला, आणि एकदम चित्र काळवंडलं. लाइटची काठी कुणीतरी खुर्चीला टेकवून ठेवली होती.

कडेने गयाबाई आत आली. चालत. घामाने कपाळावर केस चिकटलेले. तिने माझा पदर वर घेतला, डोक्यावरून नीट केला, माझ्या कानाशी काहीतरी बोलली आणि हसली. माइक कॅमेऱ्यालाच असतो, म्हणून तिचं बोलणं ऐकूच आलं नाही, ऐकू आला तो भाऊजींचा आवाज. "गये, मधून हट. सगळी फ्रेम खराब करून राह्यली. अक्कल हाय का न्हाई?"

आणि ती वळली. भाऊजी कुणालाच बघू द्यायचे नाहीत तिथे, बरोबर कॅमेऱ्यात बघितलं. हसू तसंच होतं. मग वाकून काठी उचलायला गेली.

भाऊजी उठले. मला वाटलं बंद करतात. त्यांनी कॅसेट मागे घेतली आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बारीक केला. खाली बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिले मुकाच होता."

ती पुन्हा आली. पदर, कान, हसणं. ओठ हलत होते.

"काय म्हणून राह्यली ती, वैनी?"

मी चार माणसांत कधी तोंड उघडत नाही. पण दार लोटलेलं होतं, हे झोपले होते, आणि सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

"ती म्हणली, आक्का, ह्यांच्या वरडण्याकडं ध्यान देऊ नका. सकाळपासून पोटात काही न्हाई, भूक लागली की असंच करतेत. पंगत उठायच्या आधी मूठभर बुंदी बाजूला काढून ठेवा."

ते म्हणाले, "त्या दिवशी पिशवीत बुंदीची पुडी होती. कॅमेऱ्याच्या वायरीपाशी. मी म्हणलं, लग्नघरच्यांनी ठेवली असंल."

"मी काढून दिली. ठेवली तिनं."

त्यांनी कॅसेट परत मागे घेतली. मी परत सांगितलं. आता हा खांब, आता ही गयाबाई आली, आता ती म्हणून राह्यली. लाइट जाईपर्यंत असंच चाललं.

मंगलची कॅसेट कच्चीच राहिली. तिला मी सांगून टाकलं, जोड काही होणार नाही. भाऊजी अजून कधी कधी दुपारी हाक मारतात आणि मी जाते. एक गोष्ट मात्र मी त्यांना बोलून दाखवलेली नाही. पडद्यावर गयाबाई वळून कॅमेऱ्यात बघते ना, त्या वेळी भाऊजी दर खेपेला डोक्यावरची टोपी सरळ करतात.