बाबांच्या हातची भवानी

स्वागत आहे

कांदिवलीत चारकोपच्या आमच्या दुकानांच्या रांगेत मशीनवर कार्ड घेणारा पहिला दुकानदार मी! मी पखवाज, झांजा, टाळ आणि पेट्या विकतो. भजनी माणूस खिशातून कार्ड काढून पखवाज नेईल यावर घरात कोणाचाच विश्वास नव्हता.

"अहो, बुवा लोक बुक्का लावून येतात," कल्पिता म्हणाली. कल्पिता म्हणजे माझी बायको. "आठवड्यात मशीन काळं पडेल."

मी नुसता हसलो. ज्याला पुढचं दिसतं तो असाच हसतो.

व्यवस्था सोपी होती. बँकेत दुकानाच्या नावाने व्यापारी खातं उघडायचं. गिऱ्हाइकाने मशीनला कार्ड लावलं की पैसे आधी बँकेकडे जातात. बँक खात्री करून घेते आणि दुसऱ्या दिवशी ते आपल्या खात्यात टाकते. मधल्या त्या खात्रीकडे मी लक्ष दिलं नाही. एवढी एक गोष्ट सोडली तर मला धंद्यातलं सगळं कळतं.

मशीनच्या पडद्यावर मराठी अक्षरं येत होती. ती बघून बाबा खुर्चीतून उठले आणि रस्ता ओलांडून समोर जाऊन उभे राहिले.

हे त्यांचं नेहमीचं होतं.

कार्ड लावा

माझे वडील धाकू घाडी. लालबागच्या कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. गिरणी बंद पडली. दुसरीत लागले, तीही बंद पडली. मग स्टेशनबाहेर वडापावची गाडी लावली, तर पालिकेचा ट्रक आला आणि गाडी, कढई, वडे सगळं उचलून गेला. त्या दिवशी बाबांनी आपला उजवा हात उलटासुलटा करून बघितला आणि पायजम्याच्या खिशात घातला.

"माझो हात वायट," ते म्हणाले. तेवढंच. पुन्हा कधी त्यावर बोलले नाहीत.

पण हात खिशातच राहिला. कोणाच्या नव्या घरात नारळ फोडायला बाबा जात नसत. माझ्या लग्नात त्यांनी अक्षता डाव्या हाताने टाकल्या. पाहुण्यांना वाटलं, उजवा लचकला असेल. आणि दुकानात भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, होईपर्यंत ते समोरच्या फुटपाथवर थांबत. ज्या हातून भवानी होते तसा दिवस जातो, हे आमच्याकडे सगळेच मानतात. बाबा जरा जास्त मानत.

मशीन बसवायला आलेल्या माणसाला घाई होती. "कोणाचंही कार्ड लावून एकदा चालवून बघा ना!"

माझे दोन्ही हात पखवाजाच्या तोंडावर लावायच्या काळ्या शाईत बरबटलेले. कल्पिता घरी. मी हाक मारली, "बाबा, या जरा! माझ्या वरच्या खिशातलं कार्ड काढा आणि ह्याला टेकवा."

"मी नको."

"अहो, विक्री कुठे आहे? नुसती चाचणी आहे!"

बाबा आले. अकरा रुपये मी कोपराने दाबले. त्यांनी कार्ड टेकवलं, मशीन किणकिणलं आणि हात लगेच खिशात गेला.

त्याच दुपारी एक भजनी मंडळ आलं आणि माझी अख्खी भिंत रिकामी करून गेलं! पखवाज, झांजा, अगदी खिळ्याला टांगलेली धुळकट खंजिरीसुद्धा. बाबा हात समोर धरून बसून राहिले. झोपेत कोणी दुसऱ्याचा हात आपल्या मनगटाला जोडून गेलं असावं, तसे.

दुसऱ्या दिवशी ते गंध लावून माझ्या आधी दुकानात हजर! कार्ड कपाळाला लावलं, मशीनला टेकवलं. अकरा रुपये. भवानी झाली.

आणि तो हात बाहेरच राहिला. त्या हाताने बाबा शेजारच्या मुलांना खडीसाखर द्यायला लागले. त्या हाताने गिऱ्हाइकाला "या" म्हणायला लागले. मी

कृपया थांबा

थांबा, गिऱ्हाईक आलंय.

झांज हवी होती. सगळ्या वाजवून बघितल्या. घेतली नाही.

तर मशीन आल्याला महिना होतोय न होतोय तोच फोन आला.

"मी बँकेतून रुचिरा बोलतेय. दुकान उघडलं की रोज तुमचंच क्रेडिट कार्ड तुमच्याच मशीनवर चालतं. बरोबर?"

"बरोबर."

"काय विकत घेता?"

"काही नाही."

"मग पैसे कशाचे?"

"भवानीचे, मॅडम!"



"सर, मला भवानी कळते. आमच्या सिस्टिमला कळत नाही. आपलं क्रेडिट कार्ड आपल्याच मशीनवर चालवून काही दुकानदार बँकेकडून रोख काढून घेतात. त्याला बंदी आहे. सिस्टिमला वाटतंय तुमचं तेच चाललंय."

"अकरा रुपयांत?"

"सिस्टिम म्हणते, सुरुवात छोटीच असते. चौकशी होईपर्यंत तुमचे पैसे रोखून ठेवलेत. आणि हे आजपासून बंद करा."

तुम्ही म्हणाल, मग बाबांना सरळ सांगायचं. सांगून बघा! 'बाबा, तुमच्या हातच्या भवानीमुळे दुकानाचे पैसे अडकले.' हे वाक्य मी न्हाणीघरात, नळ सोडून, म्हणून बघितलं. मला स्वतःलाच ऐकवेना. कल्पिता बाहेरून म्हणाली, "हे सांगितलंत तर तो हात पुन्हा खिशात जाईल. आणि ह्या खेपेला बाहेर यायचा नाही."

गणपती तोंडावर आले होते. आमच्या धंद्याचे तेच दिवस. पण मी रोखलेल्या पैशांचा विचार करत होतो असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. मी त्या खिशाचा विचार करत होतो.

म्हणून मी एक हुशारी केली.

"बाबा, कार्ड बँकेने नवीन करायला नेलंय. ते येईपर्यंत भवानी नको."

"बरा," बाबा म्हणाले.

किती सोपं! मी निश्चिंत मनाने लाकूड बघायला अंधेरीला गेलो.

दुसरे कार्ड वापरा

परत आलो तर दुकानासमोर रांग. मला वाटलं, गिऱ्हाईक! रिक्षातून उतरतानाच मी केस सारखे केले.

रांगेत आमची शेजारीण, पार्लरवाली सपना होती. झेरॉक्सवाले होते, पीठगिरणीवाला होता, इस्त्रीवाला होता. प्रत्येकाच्या हातात आपापलं कार्ड. आत बाबा, ताजं गंध लावलेले. एकेकाचं कार्ड घेत, कपाळाला लावत, मशीनला टेकवत, परत देत आणि वर खडीसाखर.

"हे काय चाललंय?"

"काही नाही रे," सपना म्हणाली. "तुझं कार्ड बँकेने नेलं ना? काकांची भवानी अडली. मी म्हटलं, माझं घ्या. आणि काय सांगू, काकांनी हात लावला आणि तासाभरात माझ्याकडे अख्खी नवरीकडची पार्टी आली! आता सगळ्यांना पाहिजे."

"सपना, अगं बाई, बंद कर हे!"

"का? तुझ्या खात्यात येतायत ना पैसे! तुझी तर लॉटरी आहे यार."

"सुशांत," बाबा आतून ओरडले, "मधी घुसा नको. लाइनीत ये."

कार्डामागून कार्ड, रक्कम एकच, विकलं काहीच नाही! चोरलेली कार्डं चालतात का हे तपासायला चोर नेमकं असंच करतात, हे मला नंतर कळलं. सिस्टिमला आधीपासून माहीत होतं.

व्यवहार नाकारला

दुसऱ्या सकाळी, मी नवी सबब शोधायच्या आधीच, बाबांनी इस्त्रीवाल्याचं कार्ड टेकवलं. मशीन गप्प. पुन्हा टेकवलं. पडद्यावर आलं ते वर लिहिलंय.

"नेटवर्क नाही," मी म्हणालो.

त्यांनी मशीन दाराबाहेर धरून बघितलं. मग मलाच म्हणाले, "तू लाव." मी तेच कार्ड लावलं. नाकारलं. सपनाने लावलं. नाकारलं.

"म्हंजे कोणाचाच चलत नाय," बाबा सावकाश म्हणाले. "बँकच बंद पडली."

"नाही हो!"

"आधी एक गिरण. मगे दुसरी. आता बँक." त्यांनी हाताकडे बघितलं. "लोकांचे पैशे आसत रे तिथे. म्हाताऱ्यांची पेन्शनी आसत."

मला हसू यायला हवं होतं. एक माणूस कांदिवलीत स्टुलावर बसून म्हणतोय की मी बँक बुडवली! मी सपनाकडे बघितलं. तीही हसत नव्हती.

हात खिशात गेला. बाबा उठले, रस्ता ओलांडला आणि समोरच्या फुटपाथवर उभे राहिले.

जेवायला कल्पिता बोलवायला गेली. आले नाहीत. ती डबा तिकडेच घेऊन गेली. उभ्याने जेवले, डाव्या हाताने.

कृपया प्रतीक्षा करा

रुचिरा दुकानाची पाहणी करायला आली. फोनवरच्या आवाजाला चष्मा आणि पाठीवर सॅक असेल असं मला वाटलं नव्हतं. तिने भिंतीचा फोटो घेतला, पाटीचा घेतला, माझा घेतला.

"ही बाकीची कार्डं चालवली कोणी?"

बाबांनी समोरून बघितलं, बँकेची पट्टी गळ्यात घातलेली मुलगी बघितली आणि रस्ता ओलांडून आले. हात खिशातून निघाला तो जोडण्यासाठी.

"बाय, मी चलयलय. माझ्या पोराचो दोष नाय. तुमची बँक माझ्या हातामुळे बंद पडली."

रुचिराने पेन बंद केलं.

"आजोबा, बँक चालू आहे. सकाळी मीच पंखे लावून आलेय."

"सगळी?"

"सगळी. फक्त हे मशीन बंद केलंय. तेही आम्हीच."

"माझ्या हातामुळे."

"नाही. तुमचा हात दुसऱ्याच्या कार्डावर होता, म्हणून." ती म्हणाली. "तुमचं स्वतःचं कार्ड नाही?"

डबा घेऊन आलेली कल्पिता म्हणाली, "आहे की! पेन्शनच्या खात्याचं. देवाच्या फोटोमागे ठेवलंय. एकदाही वापरलेलं नाही."

"का हो, आजोबा?"

"ती बँक तरी वाचूक होयी म्हणान."

रुचिराने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"असं करा," ती म्हणाली. "मी लिहिते की गैरसमज होता. दुसऱ्यांची कार्डं बंद. मशीन सुरू झालं की भवानी खुशाल करा. पण कार्ड तुमचं पाहिजे आणि पैसे वस्तूचे पाहिजेत. गिऱ्हाईक म्हणून या. खरं गिऱ्हाईक."

"खरा गिऱ्हाईक," बाबा म्हणाले. ही कल्पना त्यांच्या डोक्यात किती खोल जातेय याचा मला पत्ता नव्हता.

व्यवहार यशस्वी

मशीन सुरू झालं त्या सकाळी बाबा दाराबाहेर चपला काढून आत आले. कल्पिता होती, सपना ग्राहक सोडून आली होती. बाबांनी टाळांचा एक जोड निवडला. कार्ड कपाळाला लावलं, पुढे केलं, मागे घेतलं.

"बंद पडला तर?"

"पडलं तर पडलं, बाबा. आपण दोघं मिळून बंद पाडू."

त्यांनी कार्ड टेकवलं. मशीन विचार करत बसलं. साखरपुड्यात मुलीचा मामा मान हलवण्याआधी घेतो तेवढा वेळ घेतला मेल्याने!

मग ते किणकिणलं.

बाबांनी त्याच हाताने टाळांची पिशवी उचलली आणि छातीशी धरून घरी गेले. कल्पिता दाराकडे तोंड करून कितीतरी वेळ झांजा पुसत राहिली. मीही एक पखवाज उगाच इकडून तिकडे ठेवला.

गोष्ट इथे संपवली असती तर माझी इज्जत राहिली असती.

पावती हवी का?

काल रुचिराचा फोन आला. मी आनंदाने म्हणालो, "बोला मॅडम! आता तर काही तक्रार नाही ना?"

"आहे, सर. तुमच्या गिऱ्हाइकाने पैसे परत मागितलेत. टाळांची दोरी तोकडी निघाली. बदलून मागितली तर दुकानदाराने 'नंतर बघू' म्हटलं. दुकानदार उद्धट आहे, असंही लिहिलंय."

"कोण आहे हा माणूस?"

"धाकू घाडी."

मी म्हणालो की ते माझे वडील आहेत, मी त्यांच्याच ताटात जेवतो, आणि 'नंतर बघू' हे मी त्यांना जन्मापासून म्हणत आलोय. ती म्हणाली, सिस्टिमला नाती कळत नाहीत. पैसे रोखलेत. माझं म्हणणं लेखी द्यावं लागेल.

"पण मॅडम, त्यांना मोबाईलवर साधा मेसेज टाकता येत नाही! तक्रार लिहिली कोणी?"

"खाली नाव आहे, सर. मदतनीस म्हणून. कल्पिता घाडी."

तर ही दुसरी दोरी मी आता त्या टाळांच्या जोडाला लावतोय. चांगली लांब घेतलीय. समोरच्या फुटपाथवर गिऱ्हाईक उभं आहे, उजवा हात कमरेवर ठेवून, आणि मला विचारतंय की दुकान उघडं आहे की मालक नुसताच लिहीत बसलाय!